कोठडीत उशी आणू नये

माणसाच्या अंगावर काटा कसा आणायचा, हे आमच्या गावात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. भुताखेतांच्या गोष्टी सांगून नव्हे बरं का. इतिहास सांगून!

मी तुरुंगात असतो. असं सांगितलं की समोरचा माणूस नकळत खिशावर हात ठेवतो, म्हणून पुढचं वाक्य मला घाईघाईने म्हणावं लागतं. तुरुंग कधीच बंद झाला. आता तिथे कला आणि इतिहास केंद्र आहे. कैद्यांच्या बरॅकीत चित्रं लागतात, जुन्या भटारखान्यात मातीकामाचे वर्ग भरतात, दवाखान्याच्या खोलीत वाचनालय आहे आणि पटांगणात नाटकं होतात. मी तिथला कार्यक्रम अधिकारी. लोकांना त्या इमारतीत आणायचं आणि परत जाताना त्यांच्या डोक्यात काहीतरी शिल्लक राहील असं बघायचं, हे माझं काम.

लोक यायचे. पण डोक्यात काय घेऊन जायचे, देव जाणे. कोठड्यांपाशी पोचले की गज धरून, तोंड पाडून फोटो काढायचे आणि लगेच विचारायचे, चहा कुठे मिळतो? ज्या गजांना धरून माणसं वर्षानुवर्षं उभी राहिली, तिथे हे! मला हे फार लागायचं. मग एकदा आंघोळ करताना मला कार्यक्रम सुचला. माझे सगळे कार्यक्रम आंघोळीतच सुचतात. याचं नाव ठेवलं ‘एक तास कोठडीत’.

कल्पना साधी होती. एका माणसाला एक कोठडी. फोन बाहेर ठेवायचा, घड्याळही बाहेर. आत दगडी ओटा आणि वर झरोका, बाकी काही नाही. दार लावायचं, पण कुलूप घालायचं नाही. फारच असह्य झालं तर दोरी ओढायची, की बाहेर घंटा वाजेल आणि चौकीदार दार उघडेल. आधी माझं प्रास्ताविक आणि नंतर पटांगणात बसून चर्चा. माणूस रडत बाहेर येईल आणि पुन्हा जन्मात गजाला धरून फोटो काढणार नाही, असा माझा हिशेब होता.

रात्री जेवताना मी हे सगळं घरी सांगितलं. माझी आई, दोन्ही मुलं आणि बायको, सगळ्यांना ऐकावंच लागलं, कारण मी बोलायला लागलो की मधे शिरायला फट मिळत नाही. बायको वाढता वाढता ऐकत होती. तिने एकच प्रश्न विचारला.

“आणि तासभर कोणीच हाक मारत नाही?”

“कोणी म्हणजे कोणीही नाही,” मी आवाज खोल नेऊन म्हणालो.

ती जराशी थांबली. हातातला डाव तसाच राहिला. बघा, नुसत्या वर्णनाने शहारली, असं मला वाटलं, आणि मी समाधानाने आणखी थोडा भात घेतला.

पहिल्या दिवशी मी पटांगणात पाण्याचे ग्लास मांडून ठेवले होते. कागदी रुमालांचं खोकंही ठेवलं होतं, रडणाऱ्यांसाठी. तास संपला. चौकीदारकाकांनी एकेक दार उघडलं. आतून कोणीच बाहेर येईना! कोणाला काही झालं की काय? धावत जाऊन पहिल्या कोठडीत डोकावलो, तर एक परिचारिका ओट्यावर हाताची उशी करून गाढ झोपलेली. दुसरीत एक बँकेतले गृहस्थ, बूट काढून शिस्तीत बाजूला ठेवलेले. तिसरीतल्या बाई जाग्या होत्या. भिंतीला टेकून छताकडे बघत बसल्या होत्या. त्यांचे डोळे ओले होते. मला हायसं वाटलं. निदान एक तरी! मी हळूच विचारलं, फार त्रास झाला का? त्या म्हणाल्या, त्रास नाही हो, इतक्यात संपलं म्हणून.

चर्चेत मी लोकांना अंधाराकडे, एकाकीपणाकडे, काळाच्या ओझ्याकडे वळवायचा खूप प्रयत्न केला. ते सौजन्याने मान डोलवत होते. शेवटी बँकेतल्या गृहस्थांनी हात वर करून सांगितलं की कार्यक्रम अतिशय उत्तम आहे, फक्त पायावर घ्यायला काहीतरी पांघरूण असावं.

पुढच्या आठवड्यात तिकीट खिडकीपाशी रांग लागली. बसचालक आले, शाळेतल्या शिक्षिका आल्या, जुळ्या बाळांची आई आली, ज्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर फरश्या फोडायचं काम चालू होतं असे एक काका आले. ते तर रोज यायला लागले. हळूहळू लोकांत जाणकार तयार झाले. कुठल्या कोठडीत वारा चांगला, कुठल्या ओट्याला पाठीच्या बाजूने जरा उतार आहे, याची चर्चा रांगेत चालायची. सगळ्यांत जास्त मागणी होती टोकाच्या अंधारकोठडीला. तिथे कैद्यांना शिक्षा म्हणून ठेवत. लोक म्हणायचे, उजेड अजिबात येत नाही, त्यामुळे झोप फार छान लागते.

मग उश्या आल्या. काखेत उशी धरून माणसं तुरुंगाच्या मोठ्या दारातून आत शिरताना बघून मला कसंतरीच झालं. मी पाटी लिहून लावली : कोठडीत उशी आणू नये. लोक कायदा पाळणारे होते. दुसऱ्या दिवसापासून शाली घेऊन आले आणि त्यांची वळकटी करून डोक्याखाली घेतली. दुपारी कोठड्यांच्या ओळीतून चालत गेलं की दोन्ही बाजूंनी घोरणं ऐकू यायचं. चौकीदारकाका वैतागले होते. त्यांचं म्हणणं, दार उघडणं हे माझं काम, पण माणसं उठवणं नाही. कालच एकाने मला ‘अजून पाच मिनिटं गं’ म्हणून झिडकारलं.

संचालकबाईंनी मला बोलावून घेतलं. आमच्या संचालकबाई रागावल्या की आवाज चढवत नाहीत, उलट शब्दांत अंतर ठेवून बोलतात. त्या म्हणाल्या की त्या कोठड्यांमध्ये माणसांची मनं मोडली आहेत, आणि आपण तिथे विश्रामगृह काढलंय. मला खरंच वाईट वाटलं. मी म्हणालो की चूक लोकांची नाही, त्यांना नीट समजावून सांगायला आपण कमी पडलो. म्हणून मी माझं प्रास्ताविक दुप्पट मोठं केलं. त्याचा एवढाच परिणाम झाला की लोक कोठडीत जातानाच जांभया द्यायला लागले.

अशात एके दिवशी संचालकबाई सांगत आल्या की आजी यायला तयार झाल्या आहेत.

या आजी कोण, ते सांगायला हवं. त्यांचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. तेव्हाच्या सत्तेविरुद्धची पत्रकं त्यांनी रातोरात जुळवून छापली आणि पकडले गेले. बराच काळ ते आमच्याच टोकाच्या अंधारकोठडीत होते. त्यांचं नाव भिंतीवर आहे, त्यांच्यावर आमच्याकडे एक अख्खं दालन आहे. पण त्यांची मुलगी, म्हणजे या आजी, कधीही इमारतीत पाऊल टाकायला तयार नव्हत्या. संचालकबाई कित्येक वर्षं त्यांच्या मागे होत्या. आता त्या येणार होत्या, एकदा ती कोठडी बघणार होत्या. सोबत केंद्राची समितीही येणार होती. आणि माझा कार्यक्रम ठेवायचा की बंद करायचा, हे समिती त्याच दिवशी ठरवणार होती.

मला ताकीद होती की त्या दिवशी कोणीही कोठडीत झोपलेलं दिसता कामा नये. मी तिकीट खिडकीवरच्या ताईंना स्वच्छ सांगितलं, बुधवारी दुपारी बाहेरच्या एकाही माणसाला सोडायचं नाही. त्यांनी मान हलवली. ताई कामाला अतिशय चोख. जे सांगाल तेच करणार, त्यात तसूभर फरक नाही.

बुधवारी आजी आल्या. ठेंगण्या, ताठ, हातात काठी पण टेकत नव्हत्या. फारसं बोलत नव्हत्या. मी मात्र ती कसर भरून काढत होतो. दारापासून ओळीच्या टोकापर्यंत मी भिंतींची जाडी, झरोक्यांची उंची, कैद्यांचा दिनक्रम, सगळं सांगत गेलो. मागे संचालकबाई आणि समितीची मंडळी. टोकाच्या दारापाशी मी थांबलो आणि वळून उभा राहिलो. इथे बोलायची वाक्यं मी रात्री घरी म्हणून पाहिली होती.

“या दाराआड,” मी म्हणालो, “काळ थांबत असे. इथे माणसाला सोबत होती ती फक्त स्वतःच्या श्वासाची.”

आणि खरोखरच आतून श्वास ऐकू आला. संथ, लयीत, शेवटी बारीक शीळ असलेला. तो श्वास मला ओळखीचा वाटला. पण तोवर मी कडी काढून दार ढकललं होतं.

ओट्यावर माझी बायको झोपली होती. डोक्याखाली आमच्या घरातली निळ्या फुलांची उशी होती.

समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. संचालकबाईंनी शब्दांत पुष्कळ अंतर ठेवून विचारलं की, या, कोण, आहेत? मी म्हणालो, “या… प्रेक्षक असाव्यात.”

तेवढ्यात उजेड डोळ्यांवर आल्यामुळे बायकोने अर्धवट डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि झोपेतच म्हणाली, “अहो, गॅस बंद केलात ना?”

झालं! पुढे लपवण्यासारखं काही उरलंच नाही. नंतर तिकिटाच्या ताईंना मी जाब विचारला तेव्हा त्या निरागसपणे म्हणाल्या, तुम्ही बाहेरच्यांना सोडू नका म्हणालात, वहिनी काय बाहेरच्या आहेत? गेले कितीतरी बुधवार त्या येतात, मला वाटलं तुम्हीच पाठवता. बुधवारी दुपारी माझी संचालकबाईंबरोबर बैठक असते, आणि बुधवारी दुपारी बायको ‘वाचनालयात जाऊन येते’ म्हणून निघते. ती खोटं बोलत नव्हती. वाचनालय आमच्याच इमारतीत आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी बायको पुरती जागी झाली होती, ओट्यावरून पाय खाली सोडून, उशी पोटाशी धरून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. मला तिच्यावर चिडावं की तिच्यासमोर उभं राहून तिला झाकावं, ते कळेना. संचालकबाई आजींकडे वळून क्षमा मागायला लागल्या. आजींनी त्यांना हाताने थांबवलं.

त्या चौकीदारकाकांना म्हणाल्या, “यांचा तास पुरा झाला का?”

काका गोंधळले. म्हणाले, थोडा बाकी आहे.

“मग होऊ द्या पुरा. लावा दार.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी संचालकबाईंकडे, त्यांनी समितीकडे. समितीच्या मागे भिंतच होती. दार लागलं. आजी काकांच्या स्टुलावर बसल्या. समितीची मंडळी समोरच्या दगडी कठड्यावर एका ओळीत टेकली. माझ्या बायकोचा उरलेला तास संपायची वाट बघत आम्ही सगळे त्या बोळात बसून राहिलो. अशी शांतता मला अजिबात सहन होत नाही. मी घसा साफ करून तुरुंगाच्या बांधकामाविषयी काहीतरी सुरू केलं. आजींनी नुसतं एक बोट वर केलं. मी गप्प बसलो.

मग बऱ्याच वेळाने त्या स्वतःच बोलायला लागल्या. आवाज लहान, आत ऐकू जाऊ नये एवढाच.

“वडील सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांना खांद्यावर बसवून घरी आणलं,” त्या म्हणाल्या. “पुढे आयुष्यभर ते या कोठडीबद्दल बोलायचे. फार छान बोलायचे. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आई आतून चहा पाठवायची.”

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“एकदा ट्रे ठेवता ठेवता ती म्हणाली, मला एक दिवस तिथे ठेवलं असतं ना, तर मी भिंतीकडे तोंड करून झोपले असते. सगळे हसले. वडील हसले. मीपण हसले. ती नव्हती हसत. कप गोळा करून आत गेली.”

संचालकबाई म्हणाल्या की वडिलांनी भोगलं ते…

“ते खोटं नव्हतं,” आजी म्हणाल्या. “झोपेत ओरडायचे ते. मी ऐकलंय. पण त्यांना उठवून पाणी द्यायलाही आईच उठायची. ते आत होते तेव्हा घरचं आणि आमचं सगळं तिनेच केलं, आणि ते आले तेव्हा त्यांचंही. तिला कधी कोणी विचारलंच नाही, तुझं काय. म्हणून मी इथे येत नव्हते. आले की त्यांच्यासाठी रडायचं, हे ठरलेलं. तिच्यासाठी कुठे जाऊन रडायचं ते मला माहीत नव्हतं.”

आतून दोरी ओढली गेली आणि घंटा वाजली. काकांनी दार उघडलं. बायको केस नीट करून, उशी पाठीमागे धरून बाहेर आली. आजींनी तिला विचारलं, झाली का झोप?

“कसली हो,” बायको म्हणाली. “बाहेर इतकी माणसं माझ्यासाठी गप्प बसलीत म्हटल्यावर झोप लागते होय?”

आजी हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच. मग काठी माझ्या हातात देऊन आत गेल्या आणि बायकोला म्हणाल्या, दार तू लाव. बायकोने कडीचा आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं. निजलेल्या लेकराच्या खोलीचं ओढतात, तसं.

आत त्या किती वेळ होत्या ते कोणी मोजलं नाही. काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बाहेर आल्या तेव्हा तळहाताला भिंतीचा चुना लागला होता. त्यांनी पाणी मागितलं. मग समितीला म्हणाल्या की वडिलांचं दालन चांगलं आहे, पण शेजारची एक कोठडी बाहेर राहिलेल्यांसाठी ठेवा. ज्या बायका दर आठवड्याला धुतलेले कपडे घेऊन या दाराशी यायच्या, त्यांची नावंसुद्धा कुठे नाहीत. जमतील तेवढी गोळा करा, मी मदत करते. आणि ही झोपायची सोय बंद करू नका.

समितीने तिथल्या तिथे होकार दिला. कार्यक्रम राहिला. शेजारची कोठडी मांडली जाऊ लागली. आजी दर पंधरवड्याला येतात, सोबत कोणाची तरी म्हातारी मुलगी किंवा सून घेऊन येतात, आणि संचालकबाई त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करतात. लोक ते ऐकतात, मग कोठडीत जातात, आणि काही जण खरंच बराच वेळ जागे राहतात. फक्त एक बदल समितीने सुचवला. माझं प्रास्ताविक काढून टाकलं.

त्या दिवशी घरी जाताना मी आणि बायको बरोबर चालत होतो. उशी आता माझ्या काखेत होती. मी म्हणालो, मला सांगायचं तरी होतंस. ती म्हणाली, सांगणार कधी? मी त्यावर बोलायला लागलो आणि दोन वाक्यांनंतर मला कळलं की तिने उत्तर देऊन टाकलं आहे. मग मी कोपऱ्यापर्यंत गप्प राहिलो. माझ्या मानाने ते पुष्कळच झालं.

“घरात दार लावून बसत जा की,” मी शेवटी म्हणालो. “मी बघतो सगळ्यांकडे.”

तिने करूनही पाहिलं. रविवारी खोलीत गेली, दार लावलं. आईने दाराबाहेरून विचारलं की तिची गोळी कुठे आहे. मुलांनी विचारलं, आई आत काय करते? आणि मी फक्त एकदाच दार वाजवलं, तेसुद्धा आम्ही तुला अजिबात त्रास देत नाही ना, हे विचारायला. ती बाहेर आली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तुम्ही बसलात का हो कधी त्या कोठडीत?”

मी कार्यक्रम तयार केला, मला काय गरज, असं म्हणून मी टाळलं. पण ते डोक्यातून जाईना. एका शांत दुपारी मी ताईंकडून रीतसर तिकीट घेतलं, फोन आणि घड्याळ खिडकीत ठेवलं आणि टोकाच्या कोठडीत जाऊन बसलो. काकांनी दार लावलं.

सुरुवातीला बरं वाटलं. मग मी माझं काढून टाकलेलं प्रास्ताविक मनाशी म्हणायला घेतलं. मनाशी म्हणून मजा येईना, म्हणून मोठ्याने म्हटलं. भिंतींनी ते जसंच्या तसं परत दिलं, आणि ते इतकं लांब आहे हे मला तेव्हा समजलं. ते संपलं. मग काहीच उरलं नाही. कुठे पाऊल वाजेना, पक्षी ओरडेना. काका चहाला गेले असतील, आणि तिथून परस्पर घरी गेले तर? शेजारच्या शाळेची दुपारची घंटा झाली की नाही? माझ्या कानात काहीतरी ठकठक करत होतं, ते माझंच काळीज होतं. कोणीतरी हाक मारावी, कोणीही, काहीही मागावं, असं मला इतकं वाटलं की मी दोरी ओढली. एकदा नाही, काका धावत येईपर्यंत ओढतच राहिलो.

काका म्हणाले, काय झालं साहेब, आत्ताच तर बसलात. मी म्हणालो, एक महत्त्वाचं काम आठवलं. आणि सरळ घरी आलो.

बायको दारातच भेटली. पायात चप्पल घातलेली होती. मी श्वास आवरत सांगितलं की आज मी कोठडीत बसून आलो, फार शांत वाटलं, तू तिथे का जातेस ते पटलं मला.

“हो, कळलं,” ती म्हणाली. “तिकिटाच्या ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, साहेबांचा जवळजवळ अख्खा तास उरलाय, वाया कशाला घालवायचा, तुम्ही येता का?”

आणि उशी काखेत मारून ती जिना उतरून गेलीसुद्धा.

मी दार लावलं. घरात कोणी दिसेना. मग स्वयंपाकघराशी जाऊन मी आईला हाक मारली आणि विचारलं, तुझी ती गोळी सापडली का? ती पंधरा दिवसांपूर्वीच सापडली होती. पण मी खुर्ची ओढून बसलो आणि तिला ती सगळी हकीकत पुन्हा सांगायला लावली.